दोन मार्क कुठं गेले?

बाळाला जन्मल्यावर मिळणाऱ्या अपगार मार्कांबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बेळगावात प्रसूती वॉर्डात नर्स म्हणून काम करताना हा प्रश्न मला सारखा येतो. बाळाच्या कागदावर 'अपगार ८, ९' लिहिलेलं असतं आणि घरचं कुणीतरी नेमकं त्यावरच बोट ठेवतं. खानापूरकडच्या एका आज्जींनी विचारलं, "शिस्टर, माझ्या नातवाचे दोन मार्क कशाला कापलासा?" शेजारी सून मान खाली घालून बसलेली. आपलंच काही चुकलं, असं तिला वाटत होतं. मला फार वाईट वाटलं.

अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ साली नुकत्याच जन्मलेल्या बाळाची स्थिती दहापैकी मार्कांत सांगणारं हे मोजमाप काढलं. त्यात पाच गोष्टी बघतात: हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांतली ताकद, नाकातोंडाशी नळी नेल्यावर बाळ काय करतं ते, आणि रंग. प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन. पहिल्या मिनिटाला एकदा बघायचं, पाचव्याला पुन्हा.

आज्जींच्या नातवाचा एक मार्क रंगाचा गेला होता. अंग गुलाबी, पण तळहात-तळपाय निळसर. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं असं असतंच, म्हणून दहापैकी दहा क्वचितच मिळतात. दुसरा गेला कारण नळी लागल्यावर त्यानं नुसतं तोंड वाकडं केलं, रडला नाही. पाचव्या मिनिटाला वॉर्ड दणाणून सोडला त्यानं.

बाळानं श्वास घेतला नाही तर आम्ही मार्कांसाठी थांबत नाही. पुसायचं, पाठ चोळायची, तरी नाही तर त्याच पहिल्या मिनिटात मास्क लावून पिशवीनं हवा द्यायची. अशाच एका बाळाला पहिल्या मिनिटाला तीन मार्क होते, पाचव्या मिनिटाला आठ झाले. "शाळेत मागं पडंल काय?" असं त्याच्या वडिलांनी विचारलं. हा आकडा बुद्धी सांगत नाही. पाचव्या मिनिटालाही सातच्या खाली असेल, तर दर पाच मिनिटांनी विसाव्या मिनिटापर्यंत पुन्हा मोजतो आणि बाळाला डोळ्यांआड होऊ देत नाही. दिवस भरायच्या आधी आलेल्या बाळाचं अंग मुळातच सैल असतं, त्यामुळं त्याला कमी मार्क मिळू शकतात.

खरी काळजी मला नऊवाल्यांची वाटते, कारण घरचे निर्धास्त होतात. नऊ मिळालेलं एक बाळ दुसऱ्या रात्री दूध ओढेना. आईला वाटलं, झोपलंय. त्या बाळाच्या आज्जीनं पाय चाचपले, गार लागले, म्हणून तिनं आम्हाला उठवलं. जंतुसंसर्ग निघाला. वेळेवर औषध मिळालं, बाळ घरी गेलं.

आमच्याकडं गरोदर बाईला आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी तायी कार्ड मिळतं, त्यावर मजकूर कन्नडमधून असतो. तायी म्हणजे आई, पण कित्येक मराठी आयांना ते वाचता येत नाही. म्हणून घरी जाताना मी एका कागदावर मराठीत लिहून देते: दूध ओढत नाही, अंग गार किंवा तापलेलं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते, झटके, पहिल्याच दिवशी पिवळेपणा. यातलं एकही दिसलं तर सकाळची बस बघू नका, त्याच घटकेला निघा.