सिंगल फेजवर लेथ, मिलिंग आणि ड्रिल

वर्कशॉपमध्ये लेथ, मिलिंग आणि पिलर ड्रिल अशी तीन जुनी मशिनं आणि तिन्हींच्या मोटरी थ्री फेज. जागेत मात्र सिंगल फेज 230 व्होल्ट. थ्री फेज मोटरला नुसती सिंगल फेज दिली तर ती गुणगुणत जागीच उभी राहते, कारण फिरतं चुंबकीय क्षेत्रच तयार होत नाही. वेळेत बंद केली नाही तर वायंडिंग जळतं.

सगळ्यात स्वस्त उपाय कपॅसिटरचा. 230 व्होल्टवर दर किलोवॅटमागे साधारण 70 मायक्रोफॅरड. पण सुरुवातीचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, निम्म्याहूनही कमी, चालताना ताकद सत्तर टक्क्यांच्या आसपास. मोठा चक (काम पकडून फिरणारा जबडा) घेऊन उठणाऱ्या लेथला हे परवडणारं नव्हतं. दुसरा उपाय रोटरी कन्व्हर्टरचा: एक मोठी थ्री फेज मोटर रिकामी फिरवायची आणि तिच्याकडून तिसरी फेज घ्यायची. एकाच कन्व्हर्टरवर सगळी मशिनं चालतात, हा त्याचा फायदा. पण दिवसभर तो घुमणारा आवाज ऐकायची माझी तयारी नव्हती. शिवाय वेग बदलता येणं मला हवंच होतं, म्हणून व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजपासून थ्री फेज बनवून तिची फ्रिक्वेन्सी बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह.

लोक ड्राइव्ह कोणता घ्यायचा यावर तासन्‌तास बोलतात. आधी मोटरची नेमप्लेट वाचावी. 230 व्होल्टचा ड्राइव्ह 230 व्होल्टच्याच तीन फेज देतो, 400 देत नाही. लेथच्या 1.5 किलोवॅट मोटरवर 230/400 डेल्टा/स्टार असं लिहिलेलं होतं, म्हणजे तिन्ही वायंडिंग त्रिकोणात (डेल्टा) जोडली तर 230 व्होल्ट, तिन्हींचं एकेक टोक एकत्र जोडलं (स्टार) तर 400. आत सहा टोकं, स्टारमध्ये जोडलेली. पट्ट्या काढून डेल्टात लावल्या की काम झालं. स्टारमध्येच ठेवली असती तर टॉर्क एक तृतीयांशावर आला असता.

मिलिंगच्या प्लेटवर 400/690. म्हणजे डेल्टातच 400 लागणार. 230 व्होल्टवर तिला पूर्ण टॉर्क फक्त सुमारे 29 हर्ट्झपर्यंत मिळतो. मी सरळ त्याच फ्रेमची 230/400 मोटर आणली, पायाची भोकंही जुळली.

खरी मेहनत ड्रिलने घेतली. डब्यात तीनच वायरी! स्टारचा सांधा आत वायंडिंगच्या डोक्यात पुरलेला. मोटर उघडली, दोऱ्याची बांधणी हलक्या हाताने कापली, वॉर्निश गरम हवेने मऊ केलं. तिन्ही टोकं जिथे एकत्र झाळली होती तो सांधा सापडला. तो सोडवून प्रत्येक टोकाला नवी वायर झाळली, उष्णता सोसणारी स्लीव्ह चढवली, पुन्हा बांधून वॉर्निश दिलं. कोणती टोकं एका कॉइलची ते मीटरने तपासून खुणा केल्या आणि इन्सुलेशन मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरवर) पाहिलं, मगच डेल्टा जोडला.

ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये स्विच नको. लेथचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स ड्रम स्विच मी मोटरच्या लाइनमधून काढला आणि त्याचे कॉन्टॅक्ट ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलना दिले. चालत्या ड्राइव्हचं आउटपुट तोडलं तर आतले ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. लेथच्या ड्राइव्हचा इनपुट करंट 15 अँपिअरच्या आसपास, मोटरचा जेमतेम 6. त्यामुळे वायर आणि एमसीबी इनपुटकडे बघूनच घेतले. कव्हर उघडण्याआधी सप्लाय बंद करून दहा मिनिटं थांबावं, कारण आतल्या कपॅसिटरवर 325 व्होल्ट डीसी असतो.

मशिन थांबवायला घ्यायचा वेळ ड्राइव्हमध्ये फार कमी ठेवला की जड चक फिरता फिरता मोटरकडून वीज परत ढकलतो आणि ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो. लेथला म्हणून ही वीज उष्णतेत जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावला. 20 हर्ट्झच्या खाली जड काप घेत नाही, कारण पंखा मोटरच्याच शाफ्टवर असतो आणि थंडावा कमी पडतो. तिथे पुलीवरचा पट्टा बदलून वेग कमी करणंच बरं.

लेथच्या कूलंट पंपाला मात्र कपॅसिटरच लावला. त्याला उठायला जोर लागत नाही, आणि लेथच्या ड्राइव्हवर टांगला असता तर चकाचा वेग कमी करताच कूलंटची धारही मंदावली असती.