कॉलेज स्ट्रीटच्या गर्दीतले पाइस हॉटेल

कोलकात्यात स्वस्त खाणे शोधण्यासाठी प्रवाशाला फारसे श्रम पडत नाहीत. फुचका, झालमुडी, काठी रोल आणि गरम तेलेभाजा जवळजवळ प्रत्येक वळणावर मिळतात, आणि त्यांची चवही उत्तम असते. मात्र सकाळपासून पायी हिंडणाऱ्या माणसाला भर दुपारी हवे असते ते बसून, सावकाश आणि पोटभर जेवण. भात, डाळ, एखादी पालेभाजी आणि माशाचा पातळ रस्सा असे साधे बंगाली जेवण बहुतेक पर्यटकांच्या वाट्याला येत नाही, कारण पर्यटकांसाठी सजलेल्या रस्त्यांवर ते नसतेच. ते मिळते शहरातल्या जुन्या पाइस हॉटेलांत, आणि कोलकात्याला जाणाऱ्या प्रत्येकाने निदान एक दुपार तेथे घालवावी असे मला मनापासून वाटते.

पाइस म्हणजे जुना पैसा. दशमान नाणी १९५७ साली आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे होत, आणि असे मोजके पैसे देऊन जेथे जेवता येई त्या खानावळींना हे नाव पडले. त्यांचा जन्म गर्दीतूनच झाला. कॉलेज स्ट्रीट या एकाच रस्त्याच्या आसपास १८१७ चे हिंदू कॉलेज (पुढे प्रेसिडेन्सी), १८२४ चे संस्कृत कॉलेज, १८३५ चे मेडिकल कॉलेज आणि १८५७ चे कलकत्ता विद्यापीठ अशा संस्था उभ्या राहिल्या. शिकण्यासाठी आणि कारकुनीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून तरुण येऊ लागले, दाटीवाटीने ‘मेसबाडी’त, म्हणजे भाड्याच्या सामाईक निवासात, राहू लागले, आणि घरापासून दूर असलेल्या या माणसांना परवडेल अशा दरात घरच्या चवीचा भात घालणारी दुकाने गल्लीबोळांत निघाली. त्यांपैकी अनेकांच्या नावात अजूनही ‘हिंदू हॉटेल’ किंवा ‘आश्रम’ असे शब्द दिसतात. स्वयंपाक कोणाच्या हातचा आहे याची त्या काळच्या गिऱ्हाइकाला दिलेली ती ग्वाही होती. आज त्या बाकांवर शेजारी कोण बसला आहे हे कोणी विचारत नाही, आणि मला या जागांचा सर्वांत मोठा बदल हाच वाटतो.

मी गेलो होतो ते स्वाधीन भारत हिंदू हॉटेल प्रेसिडेन्सीजवळच्या भवानी दत्त लेनमध्ये आहे. सियालदह स्थानकातून बाहेर पडून महात्मा गांधी रस्त्याने पश्चिमेकडे चालत निघालो. लोकलगाड्यांतून उतरलेले लोंढे, डोक्यावर पुस्तकांचे गठ्ठे घेऊन वाट काढणारे हमाल, हातगाड्या, बस आणि पदपथ संपूर्ण व्यापून बसलेले विक्रेते यांच्यामधून कॉलेज स्ट्रीटच्या चौकापर्यंत पोहोचायला नकाशात दिसते त्यापेक्षा बराच अधिक वेळ लागला. चौकातून डावीकडे वळले की पुस्तकांच्या टपऱ्यांची सलग रांग सुरू होते, आणि त्या रांगेतून आत शिरणाऱ्या गल्लीत हे हॉटेल आहे. बाहेर भपका काही नाही. मोहरीचे तेल तापल्याचा वास येतो आणि तोंड धुऊन बाहेर पडणारी माणसे दिसतात. तेवढ्यावर दार ओळखता येते. याचे मूळ नाव नुसते हिंदू हॉटेल असे होते. देश स्वतंत्र झाल्यावर त्याच्या आधी ‘स्वाधीन भारत’ हे शब्द जोडले गेले. नेताजी सुभाषचंद्र बोस येथे जेवायला येत असत असे तेथे अभिमानाने सांगितले जाते.

आत शिरल्यावर प्रथम पाहावा तो फळा. आज काय शिजले आहे आणि प्रत्येक पदार्थाचा दर काय हे त्यावर खडूने लिहिलेले असते. यादी रोज बदलते, कारण ती पहाटेच्या बाजारावर ठरते. ज्या दिवशी पाबदा मासा चांगला मिळाला नाही त्या दिवशी तो फळ्यावर येत नाही. बंगाली लिपी वाचता येत नसली तरी अडचण येत नाही. वाढपी सारी यादी तोंडपाठ म्हणून दाखवतो आणि हिंदीत विचारले तर थांबून समजावूनही सांगतो. टेबल स्वतंत्र मिळण्याची अपेक्षा धरू नये. जेथे जागा रिकामी होईल तेथे बसायचे असते. माझ्या एका बाजूला छापखान्यातून जेवायला आलेले वयस्क गृहस्थ होते आणि समोर दोन विद्यार्थी, ज्यांनी भात आणि डाळ यांवर फक्त एक बटाट्याची भाजी घेतली होती. त्यांना कोणी आणखी काही घेण्याचा आग्रह केला नाही, की लवकर उठण्याची घाई केली नाही.

केळीचे पान पुढे आले, त्याच्या कोपऱ्यात मीठ आणि लिंबाची फोड आली, आणि मातीच्या भांड्यात पाणी आले. मग वाफाळता भात. बंगाली जेवणाचा क्रम ठरलेला असतो आणि तो पाळला तरच त्याची खरी चव कळते, असे माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मला सांगितले. आधी कडू, नंतर डाळ आणि तळण, मग भाजी, मग मासा, आणि सर्वांत शेवटी आंबटगोड चटणी. त्यांचे ऐकून मी शुक्तोपासून सुरुवात केली. कारले, कच्चे केळे, शेवग्याच्या शेंगा आणि डाळीचे सांडगे यांची दूध घातलेली ही सौम्य कडसर भाजी थोड्याशा भाताबरोबर खाल्ली की उन्हाने मरगळलेली भूक जागी होते. त्यानंतरच्या पातळ डाळीसोबत कुरकुरीत तळलेला बटाट्याचा कीस होता. केळफुलाची भाजी, म्हणजे मोचार घंट, मी थोडी घाबरतच मागवली, कारण केळफूल निवडण्याचे कष्ट ज्याने एकदा पाहिले आहेत त्याला एवढ्या स्वस्त दरात ती भाजी मिळेल यावर विश्वास बसत नाही. ती कोरडी, किंचित गोड आणि गरम मसाल्याच्या मंद वासाची होती, आणि त्या दुपारच्या जेवणातला मला सर्वाधिक आवडलेला पदार्थ तोच.

मासा मी रुई, म्हणजे रोहू, घेतला. जाड तुकडा, हळद आणि जिऱ्याचा पातळ रस्सा, त्यात लांबट चिरलेला बटाटा, आणि मोहरीच्या तेलाचा झणका. हॉटेलांत प्रवाशांसाठी केलेल्या रश्शांत जो दाटपणा आणि जो रंग मुद्दाम आणलेला असतो त्याचा येथे मागमूस नव्हता. रोज दुपारी येणाऱ्या माणसाला रोज पचेल असाच स्वयंपाक येथे करावा लागतो, आणि म्हणून तो हलका राहतो. टोमॅटोची चटणी आणि पापड झाल्यावर पान संपले. भात, डाळ, दोन भाज्या, मासा आणि चटणी मिळून दोनशे रुपयांच्या आत हिशेब झाला.

हा हिशेब कसा होतो हे नीट पाहण्यासारखे आहे, कारण जेवण इतके स्वस्त का पडते याचे उत्तर त्यातच आहे. ठरलेल्या किमतीची थाळी येथे नसते. भाताचे वेगळे, डाळीचे वेगळे, प्रत्येक भाजीचे वेगळे, माशाचे जातीप्रमाणे आणि तुकड्याप्रमाणे वेगळे, इतकेच नव्हे तर केळीच्या पानाचे आणि पाण्याच्या मातीच्या भांड्याचेही पैसे निराळे धरले जातात. नवख्या माणसाला हे प्रथम कंजूषपणाचे वाटू शकते. प्रत्यक्षात ती गिऱ्हाइकाच्या खिशाची काळजी आहे. ज्याच्याजवळ थोडेच पैसे आहेत तो भात, डाळ आणि एक भाजी घेऊन त्याच बाकावर सन्मानाने जेवतो, ज्याला तीन प्रकारचे मासे हवेत तो ते घेतो, आणि एकाच्या ताटातल्या न खाल्लेल्या वाट्यांची किंमत दुसऱ्याला मोजावी लागत नाही. मागितले तेवढेच वाढले जात असल्याने अन्न वाया जात नाही. गर्दीमुळे पातेली दुपारीच रिकामी होतात, त्यामुळे काही शिळे उरत नाही. दाटीने बसवल्यामुळे एका जागेवर दुपारभरात अनेक माणसे जेवून जातात आणि दुकानाच्या भाड्याचा भार प्रत्येकावर थोडाथोडाच पडतो. गर्दी आणि स्वस्ताई यांचे हे नाते लक्षात आल्यावर दारात थांबण्याचा त्रास मला त्रास वाटेनासा झाला.

वाढपी काहीही लिहून घेत नव्हता. कोणी काय घेतले, भात दुसऱ्यांदा घेतला का, मासा कोणता होता, हे सारे त्याच्या डोक्यात होते, आणि मी हात धुऊन गल्ल्याशी पोहोचेपर्यंत त्याने एका दमात माझे सारे जेवण मोठ्याने म्हणून दाखवले होते. त्या गडबडीत त्याची एकही वस्तू सुटली नाही.

कॉलेज स्ट्रीटपर्यंत जाणे सोयीचे नसेल तर शहरात आणखीही अशी ठिकाणे आहेत. न्यू मार्केटजवळचे सिद्धेश्वरी आश्रम कोबिराजी झोलसाठी ओळखले जाते. कच्चे केळे आणि पपई घातलेला माशाचा हा पातळ रस्सा आजारातून उठलेल्या माणसालाही चालावा इतका सौम्य असतो. दक्षिणेत रासबिहारी अव्हेन्यूवर तरुण निकेतन आहे. धर्मतल्याजवळची डेकर्स लेन मात्र वेगळ्या प्रकारची. ‘हिकीज बेंगॉल गॅझेट’ हे वृत्तपत्र १७८० मध्ये काढणाऱ्या जेम्स हिकी यांचे नाव आता त्या गल्लीला दिलेले आहे, आणि कचेऱ्यांतली माणसे तेथे उभ्या उभ्या स्ट्यू आणि टोस्ट खातात. तेही चांगले असते, पण पानावर बसून जेवण्याचा अनुभव तेथे मिळत नाही.

शाकाहारी वाचकांनी ही जागा आपली नव्हे असे समजू नये. भाज्यांची इतकी विविधता अन्यत्र या दरात क्वचित मिळेल: खसखशीत शिजवलेले बटाटे किंवा दोडकी, वांग्याचे तळलेले काप, केळीच्या गाभ्याची भाजी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोवळ्या फणसाची भाजी. एवढी काळजी अवश्य घ्यावी की प्रत्येक पदार्थ मागण्यापूर्वी तो ‘निरामिष’, म्हणजे शाकाहारी, आहे का असे विचारावे, कारण बंगाली स्वयंपाकात डाळीत माशाचे डोके घालतात, दुधीत कोळंबी असते, आणि मुडिघंट हा भाजीसारखा दिसणारा पदार्थ माशाच्या डोक्याचाच असतो. निरामिष म्हटल्यावर बहुधा कांदा-लसूणही नसतो, ही अनेकांच्या दृष्टीने आणखी एक सोय.

मला काळजी वाटते ती या जागांच्या पुढच्या दिवसांची. ज्या मेसबाड्यांनी त्यांना गिऱ्हाईक दिले त्या एकामागून एक बंद होत आहेत. माशाचे भाव वाढत असताना फळ्यावरचे दर त्याच गतीने वाढवता येत नाहीत, कारण रोज येणारा कारकून किंवा विद्यार्थी तेवढे देऊ शकत नाही. या परिस्थितीत बाहेरगावच्या माणसाने एक वेळ येथे जेवणे हा काही मोठा आधार नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही चांगले दोन प्रकारचे मासे मागवणारा, पदार्थांबद्दल आस्थेने विचारणारा प्रवासी तेथे मनापासून हवा असतो, हे मी गल्ल्यावरच्या मालकांच्या बोलण्यातून अनुभवले.

जाणाऱ्याने दुपारी बाराच्या सुमारास पोहोचावे; दीडनंतर फळ्यावरची निम्मी नावे पुसली जाऊ लागतात आणि केळफुलाची भाजी त्यांत बहुधा पहिली असते. मासा हाताने खाण्याची सवय नसेल तर रुई किंवा कातला घ्यावा, त्यांचे काटे मोठे आणि सहज दिसणारे असतात. पार्शे आणि टेंगरा या छोट्या माशांना अधिक सराव लागतो. पावसाळ्यात गेलात तर फळ्यावर इलिश, म्हणजे हिलसा मासा, लिहिलेला असेल आणि त्या एका तुकड्याची किंमत बाकीच्या सगळ्या जेवणापेक्षा जास्त असू शकेल, म्हणून दर आधी विचारून घ्यावा. परवडत असेल तर मोहरीच्या वाटणातला इलिश मागवावा आणि त्याच्या बरोबर दुसरा कोणताही रस्सा घेऊ नये.