आमची वाटचाल : आधी डिस्क वाचायची, मग दुरुस्त करायची

दारव्हा, आर्णी, दिग्रस या पट्ट्यातल्या जिनिंग, कृषी सेवा केंद्रं, पतसंस्था आणि आपले सरकार केंद्रांचे कॉम्प्युटर आमच्याकडे दुरुस्तीला येतात. विंडोज एक्सपीच्या काळात दुकान सुरू झालं, तेव्हा डिस्क 40 नाहीतर 80 जीबीची असायची. काळ्या पडद्यावर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड, लावून मशीन परत द्यायचं, ही तेव्हा सगळीकडचीच रीत. डिस्क 1 टीबीच्या झाल्या, त्यांत पाच-सात वर्षांचे टॅलीचे हिशेब साठले, आणि कामाचा क्रम बदलावा लागला.

आता काउंटरवर पहिला प्रश्न एकच: "भाऊ, आतला डेटा पाहिजे की नुसतं मशीन चालू पाहिजे?" डेटा हवा असेल तर डिस्कवर काहीही लिहिणारी कमांड आम्ही आधी चालवत नाही. चेकडिस्कसुद्धा नाही.

डिस्क काढून लिनक्सच्या मशीनला जोडतो. एलएसबीएलके या कमांडने नाव आणि आकार बघतो, मग डिस्कने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदी दाखवणारी स्मार्टसीटीएल -ए. यूएसबी डॉकमधून माहिती आली नाही तर -डी सॅट जोडावं लागतं. लांबलचक तक्त्यातल्या चार ओळी कामाच्या: 5, 197, 198 आणि 199, आणि त्यांचा शेवटचा रकाना, म्हणजे रॉ व्हॅल्यू. 5 म्हणजे डिस्कने बाद करून राखीव जागेवर हलवलेले सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे). 197 म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाविना लटकलेले, आणि 198 म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही वाचता न आलेले. 197 चा आकडा अनेक डिस्कवर 8 च्या पटीत दिसतो, कारण 4096 बाइटचा एक खरा सेक्टर 512 च्या आठ सेक्टरांएवढा मोजला जातो. 5 चा आकडा जुना आणि स्थिर असेल तर डिस्क अजून काही काळ चालू शकते. 197 वाढत असेल तर लगेच कॉपी काढायची. 199 म्हणजे डिस्क आणि मशीनमध्ये डेटा जाता-येता झालेल्या चुका; तो एकटाच वाढला असेल तर दोष बहुतेक वेळा साटा केबलचा किंवा ढिल्या जोडणीचा. केबल बदला. आकडा शून्य होणार नाही, पण पुढे वाढायचा थांबला की झालं. एवढ्यासाठी डिस्क बदलायला लावणं म्हणजे गिऱ्हाइकाचं नुकसान.

कॉपीसाठी डीडीरेस्क्यू, म्हणजे खराब डिस्कवरून वाचेल तेवढं दुसऱ्या डिस्कवर उतरवणारा लिनक्सचा प्रोग्राम. पहिली फेरी -एफ -एन लावून: आधी जुनी डिस्क, मग नवी, मग मॅप फाईलचं, म्हणजे कुठला भाग वाचून झाला याची नोंद ठेवणाऱ्या फाईलचं, नाव. -एन मुळे खराब भाग खरवडत बसणं टळतं आणि चांगला भाग लवकर हाती येतो. दुसरी फेरी त्याच मॅप फाईलवर, -एन काढून -डी -आर3 लावून, म्हणजे डिस्क थेट वाचून खराब भागावर आणखी तीन प्रयत्न. मॅप फाईल असली की मधेच लाईन गेली तरी काम होतं तिथून पुढे सुरू होतं. तिच्याशिवाय पुन्हा शून्यापासून. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच हवी. जुनी आणि नवी यांची अदलाबदल झाली तर -एफ काही विचारत नाही, सगळा डेटा पुसून टाकतं. म्हणून दोन्ही डिस्कवर चिकटपट्टी लावून सिरीयल नंबरचे शेवटचे चार अंक लिहायचे आणि एंटर दाबण्याआधी पडद्यावरच्या नंबराशी ताडून बघायचे.

दुरुस्ती होते ती या कॉपीवर. विंडोजची असेल तर आधी नुसती चेकडिस्क डी:, बदल न करता. मग चुका दुरुस्त करणारं /एफ. /आर प्रत्येक सेक्टर वाचत जातं, त्यात /एफ आलंच. मरायला टेकलेल्या मूळ डिस्कवर /आर लावलं की वाचणारं हेड त्याच खराब जागेवर पुन्हापुन्हा फिरतं, आणि कॉपी निघण्याआधीच डिस्क बसू शकते. चेकडिस्कनंतर फाउंड.000 नावाचा लपलेला फोल्डर दिसला तर पुसू नका, त्यातल्या सीएचके फाईलींत तुटलेल्या फाईलींचे तुकडे असतात. लिनक्सची डिस्क असेल तर विभाजन अनमाउंट करून (वापरातून काढून) ई2एफएससीके -एफ, ही लिनक्सची तपासणी-दुरुस्तीची कमांड. विंडोजच्या डिस्कसाठी लिनक्सवर मिळणाऱ्या एनटीएफएसफिक्सवर विसंबू नका. ते मोजक्या चुका दुरुस्त करून पुढची तपासणी विंडोजवर सोडतं.

आपल्याकडे जास्त डिस्क बिघडतात त्या लाईनीमुळे आणि उष्णतेमुळे. लिहिता लिहिता लाईन गेली तर एनटीएफएसचा (विंडोजच्या फाईल ठेवायच्या पद्धतीचा) जर्नल, म्हणजे बदलांची वही, फाईलींच्या नोंदी सांभाळतो, आतला मजकूर नाही. म्हणून चेकडिस्क "काही दोष नाही" म्हणते आणि टॅलीची कंपनी, म्हणजे त्या धंद्याचा हिशेबाचा डेटा, मात्र उघडत नाही. त्यावर इलाज यूपीएस आणि रोजचा बॅकअप. जिनिंगमध्ये रुईच्या तंतूंनी पंखा आणि एसएमपीएसची (कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या डब्याची) जाळी बुजते. बहुतेक डिस्कना चालताना 60 अंशांपर्यंतच मुभा असते, आणि मे महिन्यात खोलीच 42-43 अंशांवर असते. सीझनमध्ये दर महिन्याला ब्लोअर मारा. कॉपी काढताना आम्ही डिस्कवर टेबलफॅन लावतो आणि 194 व्या ओळीतलं तापमान बघत राहतो.

आता एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपच्या डिस्क, जास्त येतात. त्यांत 197 सारखी आगाऊ सूचना दर वेळी मिळतेच असं नाही; काल चालणारी आज अजिबात दिसत नाही. त्यामुळे एसएसडी बसवून देताना काढलेली जुनी डिस्क चांगली असेल, तर ती बाहेरच्या डबीत घालून बॅकअपसाठी सोबत देतो. त्याआधी स्मार्टसीटीएल -टी लाँग लावून पूर्ण तपासणी करतो. 1 टीबीला साधारण दोन-तीन तास लागतात.