उन्हाळ्यातला बर्फ रेनडिअरचा

अबिस्को ते आलेसयाउरे, उत्तर स्वीडनमधल्या कुंग्सलेदेन या लांब पायवाटेचे पहिले दोन दिवस. बर्चचं जंगल, चिखलावर टाकलेल्या फळ्या, डास. एवढंच. हे लिहितोय ते आलेसयाउरेच्या अलीकडे दिसलेल्या बर्फाच्या एका पट्ट्यामुळे.

जुलैची दुपार, कडक ऊन. घळीत वितळायचा राहिलेला बर्फ आणि त्यावर दाटीवाटीनं उभे चाळीसेक रेनडिअर. ते तिथं गारव्याला जातात, शिवाय माश्यांपासून वाचायला. एका जातीची माशी उडता उडता त्यांच्या नाकपुडीत अळ्या सोडते. दुसरी केसांवर अंडी घालते, मग अळ्या कातडीखाली वाढतात. बर्फावर हा त्रास कमी होतो.

दोघं जण मोबाईल काढून थेट त्या पट्ट्यावर चढले. कळप उधळला आणि वरच्या उन्हातल्या दगडधोंड्यांत गेला. पिल्लं मे महिन्यात जन्मलेली, जेमतेम दोन महिन्यांची. पळापळीत आईपासून तुटली की तासन्‌तास एकमेकांना हाका मारत फिरतात. मला याचा अजून राग आहे. वाट बर्फाच्या बाजूनं जात होती, वर चढायची काही गरज नव्हती.

कळप दिसला की आधी थांबायचं, जमिनीवर बसायचं. चरणाऱ्या जनावरांनी माना वर करून बघायला सुरुवात केली, म्हणजे आपण फार जवळ आलोय; तिथूनच मागे सरकायचं. स्वस्थ बसलं तर बहुतेकदा तेच पुढे सरकतात, आणि जवळून गेले तर पायांतली टिकटिक ऐकू येते. खुरांपाशी हाडावरून कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी सरकते, तिचा तो आवाज.

पशुपालक कळप हाकत असतील, सोबत मोटरसायकल किंवा हेलिकॉप्टर असेल, तर खिंडीच्या तोंडाशी मुळीच उभं राहू नये. समोर माणूस दिसला की कळप माघारी फिरतो आणि त्यांची दिवसभराची मेहनत वाया जाते. कुंपणाचं फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं. नरसाळ्यासारखी पसरलेली लांब कुंपणं जनावरांना कोंडवाड्याकडे वळवतात. त्यांच्या आत तंबू नको. कुत्रा कायम पट्ट्याला बांधलेला. ड्रोन तर नकोच.

स्वीडनमधला एकही रेनडिअर बेवारस नाही. प्रत्येकाच्या कानावर मालकाच्या खुणेच्या चिरा असतात, आणि मालक बहुतेक सामी, म्हणजे इथल्या उत्तरेकडचे मूळ रहिवासी. त्यांना ‘तुमच्याकडे किती रेनडिअर?’ असं विचारू नये. बँकेत किती पैसे आहेत, असं विचारल्यासारखं होतं ते.

गाडीनं किरुना शहराला परतताना रस्त्याकडेला काळी प्लास्टिकची पिशवी बांधलेली दिसली, तर वेग कमी करा. जवळपास रेनडिअर आहेत, हे सांगायला पशुपालकच ती बांधतात. धडक बसलीच तर 112 वर पोलिसांना कळवायचं आणि जागेवर खूण करायची. जनावर उठून पळून गेलं असलं तरीही.