शाफ्टवाल्या गाडीचं पावसाळ्याआधीचं काम

चेनची कटकट नको म्हणून लोक शाफ्टची, म्हणजे चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचं चाक चालवणारी मोटरसायकल घेतात आणि मग त्या शाफ्टकडे वर्षानुवर्षं कुणी ढुंकूनही बघत नाही. माझी बीएमडब्ल्यू आर १२०० जीएस २०११ ची. कोकणातले पावसाळे आणि ओढे तिने भरपूर पाहिलेत. पाणी शाफ्टच्या दोन्ही टोकांना झाकणाऱ्या रबरी बूटातून (टोपणातून) आत शिरतं आणि तिथेच साचून राहतं. म्हणून यंदा मे महिन्यात शाफ्ट घरीच काढायचं ठरवलं.

उघडायला फार अवघड नाही. गाडी मधल्या स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये. सायलेन्सर ढिला करून जरा फिरवला की पाच बोल्ट काढून मागचं चाक निघतं. कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) तारेने टांगला, कारण ब्रेकच्या होजवर त्याचा भार येता कामा नये. एबीएसचा सेन्सरही काढून बाजूला ठेवला. मग बूटांच्या क्लिपा आणि फायनल ड्राइव्हला, म्हणजे शाफ्टची फिरकी चाकाला देणाऱ्या मागच्या गिअरपेटीला, वरून धरणारा दांडा. हा शेवटचा बोल्ट एकट्याने काढू नये. ड्राइव्ह चांगला जड असतो, सुटला की धाडकन खाली येतो. भाच्याने तो हातांवर पेलून हळूहळू खाली सोडला. शाफ्ट पुढे गिअरबॉक्सच्या टोकाला बारीक स्प्रिंग-रिंगने अडकलेला असतो. पुढच्या बूटातून टॉमीचा (लोखंडी कांबीचा) रेटा दिला तसा सुटला.

स्प्लाइनवरचं, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या एकमेकांत बसणाऱ्या दातांवरचं, ग्रीस सुकून त्याची खपली झाली होती आणि मागच्या क्रॉसच्या (शाफ्टला कोनात वळू देणाऱ्या सांध्याच्या) कपांभोवती तांबूस भुकटी होती. क्रॉस दोन्ही दिशांना सावकाश वाकवून पाहिला. कुठे अडखळत नव्हता, खेळही नव्हता. जरा जरी अडखळला असता तरी मी तो शाफ्ट परत बसवला नसता. चालत्या गाडीत क्रॉस तुटला तर शाफ्ट आतल्या आत आपटून स्विंगआर्म (शाफ्ट ज्यात फिरतो तो मागच्या चाकाचा पोकळ हात) फोडू शकतो.

साफ करण्याआधी एक गोष्ट कराच: शाफ्टच्या दोन्ही भागांवर पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढा. हे भाग एकमेकांत सरकतात आणि ओढले तर वेगळे होतात. कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो. दोन टोकांचे क्रॉस जुळलेले असले, तर एकाची चूक दुसरा खोडतो. एक दात जरी इकडचा तिकडे झाला, तर गाडी थरथरायला लागते.

स्प्लाइनला मॉलिब्डेनमची पेस्ट लावली, पातळच. शाफ्ट पुढे रेटला, ‘टक्’ आवाज आला, तरी मागे ओढून खात्री केली. भाच्याने ड्राइव्ह वर उचलला, मी हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) सावकाश फिरवत राहिलो. दात जुळले तसा तो म्हणाला, “मामा, गेला आत!”

खरा वेळ खाल्ला तो पुढच्या बूटाने. त्याची कड खाचेत सगळीकडून बसायला हवी आणि वरची बाजू डोळ्यांना दिसत नाही. सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं, नखाने कड चाचपत पूर्ण गोल गेलो. पाणी शिरतं ते इथूनच, त्यामुळे या जागी घाई नाही.

फायनल ड्राइव्हमध्ये १८० मिली नवं तेल, चाकाचे बोल्ट एकाआड एक करत ६० न्यूटन-मीटरला आवळले. ब्रेकचा पेडल कडक होईपर्यंत दाबला आणि मगच गाडी बाहेर काढली. खडकवासल्यापर्यंत चक्कर मारून आल्यावर बूटांखाली टॉर्च धरला, सगळं कोरडं होतं. आता पावसाळा संपला की पुन्हा मागचा बूट काढून आत ओल आहे का बघेन.