बत्तीस जणांचं ‘मी’

गेल्या आठवड्यात कॉयरची, म्हणजे समूहगायनाच्या गटाची, पहिली पूर्ण रिहर्सल झाली आणि तेव्हापासून एक शब्द डोक्यातून जात नाहीये. ‘मी’. कवितेतला शेवटचा शब्द.

कविता ताईंची, संगीत माझं. 14 ओळी, 32 आवाज, सोप्रानो-आल्टो (बायकांचे उंच आणि खालचे आवाज) आणि टेनर-बास (पुरुषांचे उंच आणि खालचे) आठ-आठ, वाद्य एकही नाही. लोकांना वाटतं कवीने कविता दिली, संगीतकाराने चाल लावली, झालं. खरं तर निम्मा वेळ अक्षरांतच जातो. ‘वाट’ बोलताना चटकन संपतो, पण सूर चार मात्रा धरायचा असेल तर ट म्हणायचा कधी? प्रत्येकाने आपल्या सोयीने म्हटला तर पत्र्यावर गारा पडल्यासारखं ऐकू येतं, म्हणून कुठला ट कितव्या मात्रेवर हे मी स्कोअरमध्ये, म्हणजे गायकांच्या स्वरलिपीत, लिहूनच देतो. म चं वेगळं, तो ठोक्याच्या आधी ओठ मिटून सुरू करायचा, म्हणजे स्वर बरोब्बर ठोक्यावर उघडतो.

त्या दिवशी ताई पहिल्यांदाच ऐकायला आल्या होत्या, मागच्या खुर्चीत, हातात फक्त कवितेचा कागद. पाचव्या ओळीलाच त्यांनी थांबवलं. “मी ‘दिन सरला’ लिहिलंय, हे ‘दीन’ का म्हणतायत?” चूक माझी, ‘दि’ला मी लांब सूर दिला होता. त्यात शब्द रोमनमध्ये छापलेले, गायकांना सोपं जातं म्हणून, आणि रोमनमध्ये दिन काय नि दीन काय, सारखंच दिसतं. मला ही सवय अजिबात पटत नाही, मराठी गाताना डोळ्यासमोर मराठी अक्षरं हवीत. शेवटी ‘दि’ आखूड केला आणि उरलेली लांबी ‘न’वर टाकली, न नाकातून हवा तेवढा धरता येतो. ते तिथल्या तिथे मिटलं.

शेवट मात्र मिटला नाही. शेवटची ओळ आहे ‘तिथे उभी होते मी’. मी तो ‘मी’ सगळ्यांना पूर्ण ताकदीने दिला होता, सोप्रानो वरच्या ‘ए’ (A) या पाश्चात्त्य सुरावर, म्हणजे 880 हर्ट्झ. ई ला ई-पण देणारा तोंडातला पहिला अनुनाद असतो साधारण 300 हर्ट्झला, सूर त्याच्या इतका वर गेला की जबडा उघडावाच लागतो आणि ‘मी’चा ‘मा’ व्हायला लागतो. हे मला माहीत होतं, म्हणून आधी ताईंकडे आ-कारान्त शब्द मागितलाही होता, त्या नाही म्हणाल्या होत्या. मग मी तसाच रेटला, कारण मला तिथे तो उंच सूर हवाच होता.

गाऊन झाल्यावर ताई म्हणाल्या, “अरे, इथे बाई एकटी उभी आहे. तू बत्तीस जणांना ‘मी’ म्हणायला लावतोस, त्यातले निम्मे पुरुष ‘उभी होते’ म्हणतायत.”

मला उत्तर सुचलं नाही. इतके महिने मी ई चा विचार केला, त्या ‘मी’मधे कोण आहे याचा केलाच नाही. मग सगळ्यांना ‘होते’वर थांबवलं आणि एकाच आल्टोला खालच्या सुरात ‘मी’ गायला सांगितलं. मला एकदम बरोबर वाटलं. ताई मात्र अस्वस्थ झाल्या. “बाकीचे कुठे गेले? एकटी आहे रे ती, पण तिला टाकून नाही दिलेलं.”

तेव्हा तो म आठवला. 31 जणांनी ओठ मिटून फक्त म् धरायचा आणि ई एकटीने उघडायची. म्हणजे ‘मी’ सगळ्यांच्या ओठांपर्यंत येतो, पण म्हणते एकच. हे ऐकून ताईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि “घरी जाऊन सांगते” म्हणाल्या. कॉयर चालवणारे कंडक्टर म्हणाले शेवट पडतो, लोकांना कळणार नाही टाळ्या कधी वाजवायच्या. नवीन रचना म्हटली की शेवटी मोठ्ठा उंच सूर हवाच, ही अपेक्षा मला चुकीची वाटते, पण माझा पहिला ड्राफ्ट तसाच होता हेही खरं.

ताईंचा फोन अजून आलेला नाही. आल्टो थांबल्यावर तो म् किती वेळ चालू ठेवायचा तेही ठरत नाहीये, आधी दोन मात्रा लिहिल्या, मग चार केल्या, काल रात्री परत दोन.