मधला जातो कुठे?

दोन संख्यांचा लसावि (दोघींनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या) गुणिले मसावि (दोघींना भाग देणारी सगळ्यात मोठी संख्या) म्हणजे त्या दोन संख्यांचा गुणाकार. हा नियम मी इतक्यांदा शिकवलाय की खडू आपणहून चालतो. त्या दिवशी फळ्यावर १२ आणि १८ होते. मसावि ६, लसावि ३६, दोन्हीकडून २१६. वर्ग खूश.

मागून आवाज आला, "सर, तीन संख्या असल्या तर?"

फळा पुसता पुसता मी म्हणालो, "चालतं की." खरं सांगायचं तर कधी तपासलंच नव्हतं.

पाचेक मिनिटांनी एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. "सर, माझं कुठं चुकतंय?" तिनं ६, १०, १५ घेतले होते. मी लाल पेन उघडलं आणि चूक शोधायला लागलो. लसावि ३०, बरोबर. १५च्या पाढ्यात त्याआधी फक्त १५ येतात, आणि त्यांना ६ने भाग जात नाही. मसावि? ६ आणि १० यांच्यात २ सामाईक, १० आणि १५ यांच्यात ५, ६ आणि १५ यांच्यात ३. पण तिघांत मिळून १ सोडून काहीच नाही. ३० गुणिले १ म्हणजे ३०. आणि तिन्ही संख्यांचा गुणाकार ९००!

पेन बंद केलं. "तुझं बरोबर आहे, मी चुकलो," असं मोठ्यानं सांगितलं. वर्गाला झालेला आनंद लपत नव्हता.

मग मूळ अवयव मांडले. १२ म्हणजे २×२×३, १८ म्हणजे २×३×३. एकात २ दोनदा, दुसऱ्यात एकदा. कमी वेळा येतो तो मसाविकडे, जास्त वेळा येतो तो लसाविकडे. ३चंही तसंच. वाटणीत काही उरत नाही, म्हणून गुणाकार जुळतो. तीन संख्या आल्या की सगळ्यात कमी मसाविकडे, सगळ्यात जास्त लसाविकडे आणि मधला कुणाच्याच वाट्याला नाही. ६, १०, १५मध्ये असे एक २, एक ३ आणि एक ५ बाहेर राहिले. नेमके तेच ३० कमी पडत होते. मुलांना समजावताना हे मलाही पहिल्यांदाच नीट दिसलं.

"सर, मग जोड्यांचे मसावि काढून त्यांनी भागायचं! ९०० भागिले २, ३ आणि ५. आले ३०!" प्रश्न विचारणारा तोच मुलगा. यावेळी मी सावध. म्हटलं, "२, ४, ८ घेऊन बघ."

गुणाकार ६४. जोड्यांचे मसावि २, ४, २. भागत गेल्यावर उरले ४, आणि लसावि तर ८. तो हिरमुसला. तेवढ्यात ती मुलगी जागेवरूनच म्हणाली, "तिघांत जो २ आहे, तो गुणाकारात तीनदा येतो. एकदा ठेवायचा, दोनदा काढायचा. यानं तीनदा काढला."

म्हणजे तिघांच्या मसाविनं पुन्हा एकदा गुणायचं. ४ दुणे ८.

दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत १२, १८, ३०चं गणित होतं. गुणाकार ६४८०, जोड्यांचे मसावि ६, ६, ६. ६४८० भागिले २१६, आले ३०. गुणिले ६, लसावि १८०. खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, "चार संख्या?"

त्या पानावर मी अजून सही केलेली नाही.